बाजूच्या सामासिक अंतरात जिना आणि छत: शेजाऱ्यांची हरकत आली आहे, सुनावणीत काय टिकेल?

ई वॉर्ड घरमालक

नमस्कार मंडळी. मापांसकट विचारतो, म्हणजे उत्तरं मोघम येणार नाहीत.

जागा कोल्हापूर महापालिका हद्दीत, ई वॉर्डात. प्लॉट ४० बाय ६० फूट, म्हणजे २२३ चौरस मीटर. घर तळमजला अधिक एक, नऊ इंची विटांच्या भिंतींवर उभं. आरसीसी चौकट नाही. जोतं ६० सेंटीमीटर, मजल्याची उंची ३ मीटर, वर १ मीटरचा कठडा. मंजूर नकाशा आहे, भोगवटा प्रमाणपत्र आहे. पूर्वेला १.५० मीटर आणि मागे ३ मीटर मोकळी जागा, म्हणजे सामासिक अंतर, नकाशात आहे आणि जागेवरही तेवढीच भरते. शेजाऱ्यांनी त्यांच्या हद्दीत १.५० मीटर सोडलंय. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच बोळात उघडते, खिडकीची तळकड जमिनीपासून १.६० मीटरवर.

वरचा मजला स्वतंत्र वापरायचा आहे, म्हणून बाहेरून हे बदल मागितलेत. पूर्वेच्या बोळात ९० सेंटीमीटर रुंद सरळ लोखंडी जिना, त्यावर पूर्ण लांबीचं पत्र्याचं छत, लँडिंगपासून २.४० मीटर उंच, उतार शेजाऱ्यांकडे. त्याच बाजूच्या खिडक्यांवर ६० सेंटीमीटरचे छज्जे. रस्त्याकडे बाल्कनी १.२० मीटर पुढे. दर्शनी भिंतीला दगडी क्लॅडिंग. आणि कंपाऊंड भिंत सात फूट. सगळं एकाच अर्जात आहे आणि सामासिक अंतरात सवलत मागितली आहे.

शेजाऱ्यांच्या लेखी हरकतीत चार मुद्दे आहेत: पावसाचं पाणी आमच्या बोळात पडेल, स्वयंपाकघराचा उजेड-वारा जाईल, जिन्यावरून घरात दिसेल, खोदाईने कंपाऊंडचा पाया हलेल.

हरकत आली म्हणून फाइल नामंजूर होते का? समजूत घालून नोटरी केलेलं संमतीपत्र आणलं तर प्रश्न मिटतो का? आणि ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरतात, ते आमच्या बाबतीत लागू पडेल का?

———

नकाशावाला

दादा, अडचण हरकतीत नाही, अर्जाच्या मांडणीत आहे. पाच कामं, पाचांचे नियम वेगळे, आणि सगळी एकाच सवलतीच्या अर्जात बांधलीत. त्यातलं एक काम असं आहे की त्याला सवलत देताच येत नाही. ते एकटं बाकीच्या चौघांना घेऊन बुडेल.

राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, आपण जिला युडीसीपीआर म्हणतो, डिसेंबर २०२० पासून कोल्हापूरला लागू आहे. आयुक्तांना खास बाब म्हणून मापांत सवलत देण्याचा अधिकार त्यात आहे, पण दोन अटींवर. एक, अडचण स्पष्ट दाखवता आली पाहिजे. दुसरी, त्या सवलतीने आरोग्य, अग्निसुरक्षा, बांधकामाची मजबुती आणि सार्वजनिक सुरक्षितता यांना बाधा येता कामा नये, आणि ही बाधा मोजताना तुमच्या घरात राहणाऱ्यांसोबत शेजारपाजारही धरायचा असतो. शेजाऱ्यांच्या हरकतीला वजन येतं ते इथून. त्यांना नकाराधिकार नाही. पण पाणी, उजेड आणि पाया हे तिन्ही मुद्दे थेट या अटीत बसतात, त्यामुळे अधिकाऱ्याला ते बाजूला सारता येत नाहीत.

रस्त्याकडचं अंतर, एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) आणि पार्किंग या तिन्हीत, नियमावलीत वेगळी तरतूद असल्याखेरीज, सवलत नाही. म्हणजे तुमची रस्त्याकडची बाल्कनी. समोरचं आवश्यक अंतर राखून ती बसत असेल तर तिला सवलत लागत नाही. बसत नसेल तर मिळणार नाही. दोन्ही बाजूंनी तिचं या अर्जात काम नाही. काढून टाका.

छज्जे: ७५ सेंटीमीटरपर्यंतचा छज्जा सामासिक अंतरात पुढे काढता येतो. तुमचे ६० आहेत. नकाशात दाखवा, सवलत मागू नका. न लागणारी सवलत मागितली की आपणच काहीतरी चुकीचं करतोय असा समज फाइलवर बसतो.

कंपाऊंड: रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून १.५० मीटर उंचीपर्यंत भरीव भिंत. २.४० मीटरपर्यंत जायचं असेल तर वरचे ९० सेंटीमीटर जाळीचे किंवा गजांचे हवेत. सात फूट म्हणजे २.१३ मीटर. सलग विटांची सात फुटी भिंत बसत नाही. खाली भरीव आणि वर जाळी अशी केली की बसते, आणि शेजाऱ्यांचा वाराही अडत नाही.

क्लॅडिंग: एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायद्याच्या कलम ४३ मध्ये दुरुस्ती आणि सुधारणेची जी कामं आतल्या भागापुरती आहेत किंवा बाहेरच्या स्वरूपात लक्षणीय फरक करत नाहीत, त्यांना परवानगी लागत नाही. रंग, गिलावा, फरशी, कौलं बदलणं यात येतं. दर्शनी भाग पूर्ण बदलणारं दगडी काम 'लक्षणीय फरक नाही' यात ढकलू नका. सुधारित नकाशात दर्शनी उंची काढून दाखवा, दोन रेषांचं काम आहे. वारसा यादीतली वास्तू असेल तर मात्र वारसा समितीकडे जावंच लागतं, तिथे रंगसुद्धा विचारून.

उरला जिना. त्याला खरोखर सवलत लागते. जोत्यासकट ३.६० मीटर चढायला १९ सेंटीमीटरच्या आतली पायरी धरली तर १९ उठाव येतात, प्रत्येकी साधारण १८.९५ सेंटीमीटर. १८ पावलं गुणिले २५ सेंटीमीटर म्हणजे ४.५० मीटर, वर १ मीटर लँडिंग: एकूण ५.५० मीटर लांबी. एवढ्या लांबीत तुमच्या १.५० मीटरच्या बोळात ६० सेंटीमीटर उरतात. अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारतील की जिना मागच्या ३ मीटरमध्ये का नाही. तुमच्या रस्त्याच्या रुंदीला मागचं किमान अंतर किती लागतं ते नियमावलीच्या तक्त्यात बघा. त्या किमानापेक्षा जास्तीची जागा जिन्याला पुरत असेल तर सवलतीची गरजच संपली, आणि हरकतीचे तीन मुद्देही संपले. तो पर्याय का चालत नाही हे कागदावर नसेल तर 'अडचण' सिद्ध होत नाही. अडचण जागेची दाखवायची असते. खर्च वाढतो ही अडचण धरत नाहीत.

दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा सखल भाग अशा ठिकाणी कोणी हे वाचत असेल तर आधी पंचगंगेची निळी आणि लाल पूररेषा नकाशावर बघावी. निळ्या रेषेच्या आत या चर्चेचा उपयोग नाही. आणि हद्दीबाहेरची ४२ गावं २०१७ साली स्थापन झालेल्या प्राधिकरणाकडे गेली, तिथला अर्ज तिकडे.

———

काळा कोट

तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं उलट क्रमाने देतो.

६० दिवस. एमआरटीपी कायद्याच्या कलम ४५ मध्ये तशी तरतूद आहे, पण तिला परंतुक आहे: प्रस्ताव विकास नियंत्रण नियमांत काटेकोर बसणारा असेल तरच परवानगी मिळाली असं मानायचं. तुम्ही सवलत मागताय, म्हणजे प्रस्ताव नियमात बसत नाही हे तुमच्याच अर्जात लिहिलंय. ६१ व्या दिवशी काम सुरू केलंत तर ते विनापरवाना बांधकाम. कलम ५४ खाली काम थांबवायची नोटीस येते, ५३ खाली काढून टाकायची. शिवाय त्रुटीपत्र आलं असेल तर दिवस तुमच्या उत्तरापासून मोजतात, हे बरेचजण विसरतात.

संमतीपत्र. घ्यायला हरकत नाही, उपयोगी पडतं, पण ते परवानगी नव्हे. सामासिक अंतर शेजाऱ्यांच्या मालकीचं नाही की त्यांनी 'चालेल' म्हटलं की सुटलं. ते उजेड, वारा आणि आगीच्या वेळी वाट यासाठी आहे आणि त्याचा निर्णय नियोजन प्राधिकरणाचाच, म्हणजे इथे महापालिकेचा. शेजाऱ्यांनी उद्या घर विकलं तर नव्या मालकावर ते पत्र बंधनकारक आहे असंही समजू नका. 'तुमच्या छताचं पाणी आमच्या बोळात पडू दे' असा कायमचा हक्क लिहून घ्यायचा असेल तर तो स्थावर मिळकतीतला हक्क झाला. १०० रुपये आणि त्यावरच्या मूल्याच्या अशा हक्काला नोंदणी लागते. नोटरीचा शिक्का तिथे अपुरा.

नामंजुरी. नुसती हरकत आली म्हणून नामंजूर करायचं असं कायदा म्हणत नाही. नामंजूर झालं तर कारणं लेखी मागा. कलम ४७ खाली आदेश कळल्यापासून ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील होतं. हे अपील अर्जदाराला आहे. शेजाऱ्यांना परवानगीविरुद्ध ते करता येत नाही. त्यांना कलम ५१ खाली परवानगी रद्द करा किंवा बदला अशी मागणी करावी लागते, नाहीतर रिट याचिका. रिटसाठी आता मुंबईला जायचं कारण नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत चालतंय आणि कोल्हापूरसह सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. त्यामुळे 'एवढ्याशा जिन्यासाठी कोण हायकोर्टात जातंय' हा हिशोब जुना झाला.

दिवाणी बाजू वेगळी आहे. नियोजन प्राधिकरणाचा आदेश दिवाणी दाव्यात तपासता येत नाही, कलम १४९ आडवं येतं. पण शेजाऱ्यांचा स्वतःचा सुविधाधिकार, म्हणजे दुसऱ्याच्या मिळकतीवर चालणारा उजेड-वाऱ्यासारखा हक्क, असेल तर ते तुमच्याविरुद्ध दावा लावू शकतात. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे खिडकीतून येणारा उजेड-वारा २० वर्षं शांतपणे, अखंड आणि सुविधाधिकार म्हणून उपभोगला असेल तर तो हक्क पक्का होतो, आणि ही २० वर्षं दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांत येऊन संपलेली हवीत. म्हणून त्यांची खिडकी कधीची हे बघा. त्यांच्या मंजूर नकाशात ती आहे का, हा पहिला पुरावा. हक्क असला तरी थोडा उजेड कमी झाला एवढ्याने भागत नाही, खरंखुरं नुकसान दाखवावं लागतं.

'घरात दिसतं' हा मुद्दा एकटा उभा राहत नाही; खासगीपणाचा सुविधाधिकार स्थानिक रूढी सिद्ध झाली तरच. तरी सुनावणीत त्याला हसून उडवू नका. जिना सामासिक अंतरात येतोय म्हणूनच दिसतंय, असं अधिकारी म्हणू शकतात, आणि ते बरोबर आहे.

मनाई हुकूम अचानक येऊ नये म्हणून कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात कॅव्हेट, म्हणजे 'आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा अर्ज, दाखल करता येतं. ते ९० दिवस चालतं, नंतर पुन्हा द्यावं लागतं.

———

पलीकडची भिंत

हरकतदाराच्या बाजूनेही कोणीतरी लिहायला हवं, कारण हा धागा उद्या एखादे शेजारीही वाचतील.

पाण्याची हरकत शंभर टक्के रास्त आहे. छताचा उतार शेजाऱ्यांकडे दाखवणं हे मुळातच चूक. कोल्हापूरचा पाऊस पश्चिमेच्या वाऱ्याने येतो. तुमची पूर्वेची कड म्हणजे वाऱ्याच्या पुढची बाजू. तिथून सुटलेली पागोळी सरळ खाली पडत नाही, वारा तिला उचलून पुढे नेतो. ६० सेंटीमीटर पलीकडे हद्द आहे आणि हद्दीपासून दीड मीटरवर त्यांची भिंत. जुलैअखेर त्या भिंतीला आतून ओल येणार, हे सांगायला तज्ज्ञ नको.

पण हरकत लिहिताना लोक नको ते लिहितात. जुनी भांडणं, गाडी कुठे लावतात, कोण कोणाला काय बोललं. सुनावणीत हे सगळं गळून पडतं आणि त्याच्याबरोबर खरा मुद्दाही गळतो. हरकत एका पानाची हवी: माझी खिडकी कुठे, किती उंचीवर, तुमची कड तिथून किती मीटरवर, आज आकाश किती दिसतं, उद्या किती दिसेल, पाणी कुठे पडेल. सोबत माप दिसेल असा टेप धरून काढलेला फोटो.

प्रस्तावित नकाशा बघितल्याशिवाय हरकत देऊ नका. माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून एका विषयाचा, १५० शब्दांच्या आतला अर्ज करा. साध्या पानाला २ रुपये, मोठ्या नकाशाला त्याचा खर्च. ३० दिवसांची मुदत असते, म्हणून हरकतीची पोच आधी घ्या आणि तीत लिहा की नकाशाची प्रत मिळाल्यावर सविस्तर म्हणणं देईन.

आणि वेळेवर उठा. कलम ५१ खाली परवानगी मागे घ्यायची तर काम बरंच पुढे गेलेलं नसावं लागतं. जिना उभा राहून रंग झाल्यावर तक्रार केली की हा रस्ता बंद होतो.

हरकत देण्याआधी स्वतःच्या घराचा मंजूर नकाशाही काढून बघावा. पाहणीला आलेला अभियंता टेप घेऊन दोन्ही बाजू मोजतो. आपलंच मोरीचं शेड हद्दीला टेकलेलं असेल तर ते आधी निस्तरावं.

———

ई वॉर्ड घरमालक

सगळ्यांचे आभार. बाल्कनी काढतो, कंपाऊंड भरीव १.२० मीटर आणि वर ९० सेंटीमीटर जाळी असं करतो.

मागच्या बाजूचं बघितलं. तिथे सेप्टिक टाकी आहे आणि तिला लागून बोअर. टाकीच्या झाकणावर पाया घेता येत नाही, आणि उरलेल्या जागेत ५.५० मीटरची सरळ लांबी बसत नाही. पूर्वेच्या बोळात ड्रेनेजचा एक चेंबर आहे, दोन बाय दोन फुटांचा, घराच्या भिंतीपासून साधारण ३० सेंटीमीटरवर. त्याचं काय करायचं? आणि छत पूर्ण काढलं तर जिना पावसात निसरडा होणार, ते चालेल असं वाटत नाही.

———

लेव्हल ट्यूब

सेप्टिक टाकी आणि बोअर ही तुमची खरी अडचण आहे, तीच अर्जात लिहा. मागच्या बाजूचा मोजमापाचा नकाशा काढून टाकी, बोअर, चेंबर दाखवा आणि दोन ओळींत लिहा की वळणाचा जिनाही का बसत नाही. हे एक पान अर्जातल्या दहा विनंत्यांपेक्षा जास्त बोलेल.

आता उजेडाचा मुद्दा. तो मापाने सुटतो, वादाने नाही. बोळाचा आडवा छेद कागदावर काढा. शेजाऱ्यांच्या खिडकीची तळकड १.६० मीटरवर. तिथून तुमच्या घराची भिंत ३ मीटरवर, आणि तिची कठड्यासकट उंची ०.६० अधिक ६ अधिक १, म्हणजे ७.६० मीटर. तळकडीच्या वर ६ मीटर. भागिले ३, उत्तर २: तळकडीपासून कठड्याच्या टोकापर्यंतची रेषा दर मीटरला २ मीटर चढते. आज त्या खिडकीतून समोरचं आकाश या रेषेच्या वरचंच दिसतं.

जिन्याची बाहेरची कड खिडकीपासून २.१० मीटरवर येते. लँडिंग ३.६० मीटरवर, त्यावर शेजारी दिसू नये म्हणून दीड मीटरचा आडोसा धरला तरी वरचं टोक ५.१० मीटर, म्हणजे तळकडीच्या वर ३.५०. भागिले २.१०, उत्तर १.६७. २ पेक्षा कमी. म्हणजे लँडिंग आणि आडोसा घराच्या भिंतीने आधीच झाकलेल्या भागातच राहतात, समोरचं आकाश कमी करत नाहीत.

छताचं तसं नाही. तुमचं छत लँडिंगपासून २.४० मीटरवर, म्हणजे जमिनीपासून ६ मीटर. तळकडीच्या वर ४.४०. भागिले २.१०, उत्तर २.१०. रेषा ओलांडली. उजेड खातंय ते छत, जिना नाही. आणि पाणी टाकतंय तेही छतच. तासाला ५० मिलिमीटरची सर आली तर जवळपास ५ चौरस मीटरच्या त्या छतावरून तासाला साधारण २५० लिटर पाणी उतरतं, तेही हद्दीपासून ६० सेंटीमीटरवर.

म्हणून छत ९० सेंटीमीटरऐवजी ७५ चं करा. नकाशावाल्यांनी सांगितलेल्या छज्जाच्या मर्यादेत ते बसतं, त्याला वेगळी सवलत नको. बाहेरची कड खिडकीपासून २.२५ मीटरवर जाते. २ ने गुणलं तर तळकडीच्या वर ४.५० मीटरपर्यंत मुभा, म्हणजे लँडिंगपासून २.५० मीटर. बाहेरची कड २.४५ वर ठेवा, भिंतीकडची २.३५ वर. उतार आपल्या भिंतीकडे झाला, उजेडाची रेषाही राहिली. पत्रा अपारदर्शक न घेता दुधी पॉलीकार्बोनेटचा घ्या. बाहेरचे १५ सेंटीमीटर पायरी भिजेल, तिथे चेकर्ड प्लेटऐवजी जाळीची पायरी वापरली की पाणी साचत नाही आणि वारा खालून खेळता राहतो. जाळीतून खाली दिसतं म्हणून कोणाला भीती वाटत असेल तर आतला ६० सेंटीमीटर भाग भरीव ठेवा.

उतार भिंतीकडे घेतला की एक धोका येतो, आणि तो कामगार हमखास दुर्लक्षित करतात. पन्हळ आणि भिंत यांच्या सांध्यातून पाणी आत शिरतं आणि खोलीत ओल धरते. नुसतं सिलिकॉन भरून एक पावसाळा निघतो, दुसरा नाही. गिलाव्यात २५ मिलिमीटर खोल आडवी खाच पाडून पत्र्याची पट्टी तिच्यात खोचा, खाली वळवून पन्हळीच्या आत सोडा, मग पीयू सीलंट. पन्हळ १५ सेंटीमीटर रुंद, उतार १०० ला १, म्हणजे ५.५० मीटरला साधारण साडेपाच सेंटीमीटर. उतरणीला ७५ मिलिमीटरचा पाइप हिशोबाने पुरतो, पण पानं अडकतात. ११० घ्या आणि तोंडाला जाळी. पाइप आपल्या अंगणातल्या पावसाळी गटारीत सोडायचा, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये नाही.

चेंबर हलवू नका. आतली कड भिंतीपासून ३० सेंटीमीटरवर आणि चेंबर ६० चा, म्हणजे तो जिन्याच्या पट्ट्याखाली जवळजवळ पूर्ण येतो. जिन्याची वरची बाजू त्याच्यावर येईल अशी दिशा ठेवा, म्हणजे झाकण उघडायला खाली उभं राहता येतं. पहिल्या पाचसहा पायऱ्या त्याच्यावर आल्या तर चेंबर कायमचा बंद झाला समजा, आणि तुंबला की मैला शेजाऱ्यांच्या बोळात.

पायाबद्दलची त्यांची भीती काढता येते. घरगुती जिन्याला चौरस मीटरला ३०० किलो भार धरतात, ५ चौरस मीटरला १.५ टनाच्या आसपास, अधिक लोखंडाचं वजन. फार मोठा पाया लागतच नाही. जिना जुन्या नऊ इंची भिंतीला लटकवू नका, विटेतला अँकर ढिला होतो. स्वतंत्र खांब घ्या. चौकोनी खड्ड्यांऐवजी बोळाच्या लांबीला समांतर अरुंद पट्टी पाया घेतला की हद्दीपासून लांब राहता येतं. काळी माती लागली तर तिच्यावर थांबू नका, मुरमापर्यंत जा. खोदाई हाताने, एका वेळी एकच खड्डा, काँक्रीट भरून झाल्यावर पुढचा, आणि सगळं जूनच्या आधी. उघडा खड्डा पावसात भरला की कंपाऊंडच्या बाजूची माती सुटते. शेजारी नेमकं हेच म्हणतायत. खांबांच्या तळपट्ट्या जमिनीच्या वर १५ सेंटीमीटर काँक्रीटच्या पेडेस्टलवर ठेवा, नाहीतर तिथूनच गंज चढतो.

आडोसा फक्त लँडिंगपुरता. पूर्ण जिन्याला पत्रा मारला तर समोरचं आकाश तेवढंच राहील, पण बाजूचा उजेड आणि बोळातला वारा जाईल.

———

नकाशावाला

लेव्हल ट्यूब यांचा छेद जसाच्या तसा १:५० मध्ये काढून घ्या. दोन रेषा, एक घराच्या कठड्याची, एक नव्या छताच्या कडेची. सुनावणीत तो कागद टेबलावर ठेवा.

सुधारित प्रस्ताव द्याल तेव्हा जुना अर्ज मागे घेतल्याचं पत्र जोडा, नाहीतर एकाच मिळकतीच्या दोन फाइली फिरतात. नवं काम लाल, पाडायचं पिवळ्या तिरप्या रेघांनी. जिन्याचं क्षेत्र क्षेत्रफळाच्या तक्त्यात दाखवलंच पाहिजे. सोबत प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा, भोगवटा, आणि भूमी अभिलेखची मोजणीची 'क' प्रत. १.५० मीटर नक्की कुठून मोजायचं यावरच अर्ध्या सुनावण्या अडकतात. कंपाऊंड हद्दीवरच असतं असं नाही. मोजणी आता नियमित आणि द्रुतगती अशा दोनच प्रकारांत होते, सुनावणीची तारीख जवळ असेल तर द्रुतगती भरा. मोजणीला शेजाऱ्यांना नोटीस जातेच. त्या दिवशी त्यांना बोलवा आणि खुणा दोघांसमोर ठरू द्या.

हरकतीला उत्तर मुद्द्याला मुद्दा द्या, चार मुद्दे, चार परिच्छेद. पाणी: नवा उतार, पन्हळ, पाइप. उजेड: छेद. दिसणं: लँडिंगला दीड मीटर आडोसा. पाया: संरचना अभियंत्याचं पत्र आणि खोदाईचा क्रम. मंजुरी देताना अटी, अनामत आणि अधिमूल्य (प्रीमियम) लावायचा अधिकार प्राधिकरणाला आहे, तेव्हा या चारही गोष्टी 'अट म्हणून घालाव्यात' अशी विनंती तुम्हीच करा. शेजाऱ्यांना तोंडी आश्वासनापेक्षा परवानगीत छापलेली अट हवी असते.

आणि सुनावणीच्या आधी तो छेद शेजारी काका-काकूंना घरी जाऊन दाखवा, फाइलमध्ये पहिल्यांदा दिसण्यापेक्षा बरं. त्यांनी एखादी गोष्ट आणखी सुचवली, समजा आडोशाचा रंग फिका हवा किंवा जाळीची पायरी आणखी चार, तर ती नकाशात घालूनच पुढे जा.